लेकरांच्या जागेतली फुलं

सौंसर, २ ऑगस्ट १९८४
पोहोचले एकदाची! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि वच्छलाबाईंच्या संत्र्याच्या बागेतल्या खोलीत राहायचं. बाई विधवा, तोंडाच्या फटकळ, मनाच्या मोकळ्या. झुणका-भाकरीबरोबर चौकशांचा भडिमार: नवरा? लेकरं? आई? कुणीच नाही म्हटल्यावर न विचारता आणखी एक भाकर वाढली. बरं वाटलं.

१२ ऑगस्ट
रामाकोन्याकडच्या नाल्यात, गर्द सावलीत, कुजक्या पाल्याखाली नखाएवढी पांढरी फुलं सापडली! पान नाही, हिरवेपणाचा मागमूस नाही. जमिनीतल्या बुरशीकडून अन्न घेऊन जगणारी. माझ्या कुठल्याच पुस्तकात ती नाहीत. नव्या झाडाला माझं नाव लागेल. नाजूक मुळं सांभाळत मातीच्या ढेकळासकट डब्यात आणली.

वच्छलाबाई दारातच आडव्या आल्या. म्हणाल्या, तिथं मेलेली तान्ही लेकरं पुरतात. तिथून येणारा पायाची मातीसुद्धा वाटेतच धुऊन टाकतो. "थे माती घरात नोका आणू बाई. ज्याले कोणी नाई, त्याच्या मांगं लागते थे." मी हसण्यावारी नेलं आणि डबा उशाशी ठेवला.

२० ऑगस्ट
कॉलेज सुटलं की बोलायचं कुणाशी? रविवार तर खायला उठतो. म्हणून फुलांशी बोलते. बोललं की उमलतात, गप्प बसलं की मिटतात. घरी कुणी वाट पाहतं, हे सुख मला ठाऊकच नव्हतं.

२९ ऑगस्ट
डब्यात मावेनात. आज गादीच्या शिवणीतून उगवली. तिथे माती नाही. मग कशावर जगतात?

२ सप्टेंबर
पोलकं ओलं झालं. दूध. मला कधी मूल झालेलं नाही. फार भीती वाटते. वच्छलाबाई म्हणाल्या, उद्या नाल्यात परत ठेवून येऊ, मी संगं येतो. उद्या नक्की.

३ सप्टेंबर
डबा उचलला. फुलं रडली. सगळी एकदम. बाईंना सांगितलं, बरं नाही—

सप्टेंबर
कॉलेजला जात नाही. पाय बधिर. मांडीवर पांढरे धागे, कातडीच्या आत— दुखत नाही. फार भुकेली आहेत.

तारीख आठवत नाही
वच्छलाबाई दार ठोठावतायत. माणसं आणलीत. पहार मागतायत— हळू बोला हो, आत्ताच डोळा लागलाय यांचा— कडी निघाली— मला नेऊ नका, यांना कोण पाजेल— बाई, रडू नका, बघा ना, आता मी एकटी नाही—