लाल एस.टी.चा केक

वाळूज, १२ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप आईस,
वच्छीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आबांचं जेवण आता बरं चाललंय. लकव्याचा हात अजून उचलला जात नाय, पण डॉक्टर म्हणतात, वेळ लागंल. तू तुझ्या गोळ्या घेतेस ना? म्हैस व्याली का?

काल आपल्या बद्रीचा पाचवा वाढदिवस झाला. शेजारच्या लेकरांना मी कधी मोर, कधी फुलपाखरू असे केक करून देते. बद्रीसाठी एस.टी. केली, कुकरात वाळू घालून भाजली. लाल रंग जरा गुलाबीच आला. चाकांना बिस्किटं लावली अन् पाटीवर लिहिलं, 'कन्नड–पिशोर'. आबांनी सव्वीस वर्षं चालवलेली गाडी!

सुरी लावणार तेवढ्यात आबा बोलले, "वायपर कुठंय?"

आई, दोन महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला! शब्द जड होते, पण सगळ्यांना कळले. मी रडत रडतच चॉकलेटचे वायपर लावले. त्यांनी ते नीट बघितले अन् विचारलं, "तुझी आई कुठं बसली?"

मी ड्रायव्हरमागची, तुझी नेहमीची खिडकी दाखवली. तेवढा तुकडा त्यांनी कुणालाच कापू दिला नाय. डब्यात ठेवलाय. रविवारी ये, लई वाट बघतायत.

तुझी लेक,
वच्छी