जौहर की जोहार

२ ऑक्टो., उदयपूर
जुनी हत्यारं साफ करायला शिकवणाऱ्या उस्तादांनी आज एक जुनी तलवार हातात दिली. "जौहर निकाल इसका." मी कापड खाली ठेवलं. आमच्या घरात तो शब्द चालत नाही. पणजोबा पाटलापुढं वाकून जोहार करायचे. बाबा त्या जोहाराचं नावही काढू देत नाहीत.
उस्ताद हसले. "अरे वऱ्हाडी, जोहार नहीं, जौहर. लोहे के अंदर का पानी."
घासून साफ केलेल्या पात्यावर हिराकशीचं पाणी फिरवलं. लोखंड काळवंडलं अन् बारीक लाटा उठल्या. पाणी ओसरल्यावर नाल्याच्या रेतीवर राह्यते तशी नक्षी, तेच जौहर.

९ ऑक्टो.
बाबांचा फोन. सोयाबीन निघाली की आढ्यावरची तलवार आमच्या तालुक्याच्या, मालेगावच्या लोहाराले देणार. "दोन विळे होतील. पडून पडून गंजून राह्यली."
पणजोबा गावची राखण करायचे, ती त्यांची. एकदा भट्टीत तापवून ठोकली की आत जौहर असलं तं सगळं मरते. म्हटलं, थांबा, मी येतो.
"कायले? तलवारीसाठी?"
सुट्टी मागितली.

१५ ऑक्टो., मेडशी
अंगणात बसून चार बोटं जागा घासली. गंज लय जाड. माय म्हणे, "एवढं तं भांडं नाही घासलं कधी."
बाबा शेतातून आले. "काय करून राह्यला?"
तोंडातून गेलंच. "जौहर काढून राह्यलो."
त्यांनी पाण्याचा गिलास तसाच ठेवला. "इतक्या दूर जाऊन हेच शिकला? पाटलानं देल्ली ते. त्याच्या मागं धरून चालाले. राखण गिखण काही नाही."
मले हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी तं आजवर सगळ्याइले राखणीचीच सांगत आलो.
बाबा जेवले नाहीत.

१६ ऑक्टो.
जौहर म्हणजे काय ते मायले सांगितलं, बाबाइले ऐकू जाईल असं. घासलेली जागा चुन्यानं धुतली. हिराकस. लाटा आल्या. खरंच आल्या.
म्हटलं, "बाबा, जरा वाकून पाहा. उजेड आडवा पाह्यजे."
"वाकत नाही मी."
मग मीच उठून पातं त्यांच्या डोळ्यापुढं धरलं. बराच वेळ पाहत होते.
"पाटलाले मालूम होतं हे?"
"असन. नसनबी."
"अन् आमच्या म्हाताऱ्याले?"
मी तलवार पुसली. तेल लावून ठेवली.

१८ ऑक्टो.
चहा पिता पिता बाबा म्हणे, "बाकीची उघडाले किती दिवस लागते?"
"महिना तरी."
"अन् तुही सुट्टी?"
"परवापर्यंत."
तेवढ्यात लोहाराचा फोन, केव्हा आनता म्हणून. बाबा म्हणे, "आनतो." केव्हा, ते सांगितलं नाही.