समोरच्या गच्चीवरचा गोंगाट

३ मार्च

पुन्हा तेच! सकाळी माझ्या डिशचा चॅनल बदलला आणि चहा गार व्हायच्या आत धाकटा भाऊही त्याच चॅनलवर हजर. लहानपणी लपाछपीत आम्ही दोघं एकाच कपाटात शिरायचो, तसंच. त्याने मुद्दाम केलेलं नाही, हे मला माहीत आहे. तोही माझ्यापासून पळूनच तिथे आला असणार. आता दोघांचीही गिऱ्हाइकं बोंबलतायत.

शाळेच्या बाईंचा फोन — "ऑनलाइन तासाला माझं तोंड आधी हलतं आणि आवाज मागून येतो हो! मुलं हसतात." म्हटलं, बघते. काय बघणार, कपाळ?

४ मार्च

धंदा काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, हवा विकते. गच्चीवर खांब, खांबावर डिश, त्यातून घराघरांत इंटरनेट. ज्या लहरींवर हे चालतं ती पट्टी फुकटची. लायसन नको, परवानगी नको. हवा कुणाच्या बापाची नाही! हीच त्यातली मजा आणि हेच दुखणं. रस्त्यापलीकडच्या गच्चीवरून माझा सख्खा भाऊ तीच हवा विकतो. एका खोलीत दोघांनी एकाच वेळी ओरडून बोलावं, तसं चाललंय. मी पॉवर चढवली की तो चढवतो. मी दर उतरवले की तो उतरवतो. शेवटी ऐकू कुणाचंच येत नाही.

पूर्वी गच्ची एकच होती. दर पाडून गिऱ्हाइकं वाढवू, हे त्याचं म्हणणं. आहेत ती नीट सांभाळू, हे माझं. त्यावरून फाटलं, ते फाटलंच. बोलणं बंद. आई माझ्याकडे राहते, माझा कंटाळा आला की त्याच्याकडे जाते. तिच्या फोनमध्ये दोघांचंही नेट आहे. "एकाचं बसलं की दुसऱ्याचं लावते," म्हणाली. "तुमच्यापेक्षा फोन शहाणा."

८ मार्च

पॉवर कमी करून बघितली. वाटलं, मी गप्प बसले तर तोही बसेल. संध्याकाळपर्यंत बेकरीवाला आणि डॉक्टरीणबाई दोघंही त्याच्याकडे गेले! पुन्हा चढवली. वाढवली तरी मरण, कमी केली तरी मरण.

बोलत नसलो तरी स्क्रीनवर तो मला दिवसभर दिसतो. स्कॅन लावला की माझ्या सिग्नलच्या डोंगराला खेटून त्याचा डोंगर. नवीन डिश कधी लावली, वैतागून सगळं बंद करून पुन्हा चालू कधी केलं, सगळं कळतं. त्यालाही माझं तसंच कळत असणार. एवढीच काय ती ख्यालीखुशाली.

११ मार्च

मोठ्या कंपनीचा माणूस आला. भडक निळा टाय, दारात पाय पुसून आत. त्यांनी स्वतःची पट्टी लिलावात विकत घेतली आहे, तिथे दुसरं कुणी ओरडूच शकत नाही. आता त्यांना आमची गिऱ्हाइकं हवीत. सही करायची, डिश उतरवायच्या आणि पुन्हा या धंद्याचं नाव काढायचं नाही.

"तुम्हा दोघांपैकी जो आधी येईल त्याला पूर्ण भाव, मॅडम. मागून येणाऱ्याला निम्मा."

आणि कुणीच नाही आलं तर?

"आम्ही थांबू. तुम्ही दोघं एकमेकांना पुरेसे आहात."

हसत हसत म्हणाला! त्याच टायने खुंटीला टांगावासा वाटला. पण खोटं काय बोलला मेला?

नंतर खिडकीतून पाहिलं. टायवाला रस्ता ओलांडून धाकट्याच्या जिन्यात शिरला.

१२ मार्च

धाकटा सही करेल? नाही करणार. करेल. माझ्याबद्दल तोही हाच जप करत असेल. जाऊन विचारावं तर पाय उचलत नाही. आणि तो 'नाही' म्हणाला तरी माझा विश्वास बसणार आहे का? कुठूनही गेलं तरी भिंतच.

आईचं आपलं वेगळंच. भाजी निवडता निवडता म्हणाली, "भांडता कशाला? तू उगवतीकडची घरं घे, तो मावळतीकडची घेईल. पाठीला पाठ लावून उभे राहा." मी हसले. म्हटलं, आई, धंदा म्हणजे काय अंथरूण आहे का, अर्धं अर्धं वाटून घ्यायला! तिला राग आला. निवडलेली भाजी तशीच टाकून, पिशवी उचलून गेली त्याच्याकडे.

१५ मार्च

आई आलेली नाही. फोनही नाही. भाजी मीच केली, करपली.

१७ मार्च

डोंगर नाहीसा! स्कॅनमध्ये मी एकटीच. यंत्र बिघडलं वाटून शिडीवाल्याला बोलावलं. माझ्या खांबावर चढायची सगळी कामं तोच करतो. यंत्र ठणठणीत. मग दोघं गच्चीवर गेलो. धाकट्याच्या कठड्यावर एकही डिश नाही, नुसते बोल्ट. शिडीवाला म्हणाला, "उतरवल्या की हो, मॅडम. हवा काय मोकळी झालीय!"

बेकरीवाला आपणहून परत आला. शाळेच्या बाईंचा फोन — "काय केलंत? समोर बसल्यासारखं दिसतंय!"

मी जिन्यात बसून रडले. केली म्हणजे त्याने सही. मला एका शब्दाने न विचारता. मी तरी कुठे विचारलं होतं.

१८ मार्च

सही करून आले. एकटीने त्या कंपनीपुढे किती दिवस तग धरणार? उद्या निम्माही भाव द्यायचे नाहीत. टायवाल्याला म्हटलं, "भाऊ आधी येऊन गेला, माहीत आहे मला." त्याने नुसतं पेन पुढे केलं.

भाव मात्र पूर्ण लावला होता. चुकून लागला असेल, असं वाटलं. मी तोंड मिटून घेतलं.

२० मार्च

आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच — "आता बरं चाललंय ना तुझं? सगळ्या डिश त्याने पाण्याच्या टाकीमागे नेल्या, मावळतीकडे तोंड करून. इकडची घरं ताईची, म्हणाला. टायवाल्याला तर जिन्यातूनच परत पाठवला."

मला कुणी सांगितलं का नाही?

"मी निघालेच होते सांगायला. तोच म्हणाला, कशाला? ताईला स्क्रीनवर दिसेल. तिला बरोबर कळतं."