झोपलेला राक्षस उठवल्याबद्दल दाजींचा खुलासा

प्रिय मेहुण्या, आणि तुझ्या ताईकडून राक्षसांच्या व्हिडिओ गेममध्ये एकदा तरी हरलेल्या तमाम बंधुभगिनींनो,

(पत्र तुला एकट्यालाच आहे. पण एकाच माणसाला उद्देशून बोलायची मला सवय राहिलेली नाही, सांभाळून घे.)

तुझी पाठ कशी आहे? इकडे सगळे ठीक. माझा घसा तेवढा बसलाय, आणि यंदा त्याचं कारण कामगारांची सभा नसून तुझी बहीण आहे. आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: ही बाई मारत नाही. समोरच्याने आग ओकणारा राक्षस आणला, की ही आधी त्याला झोपवते, त्याच्या पायात जाळं टाकते, मग त्याला थेंबथेंब विष चढत राहतं आणि हिचे राक्षस ढालीआड निवांत बसतात. हरलेल्या माणसाला आपण नेमके कधी हरलो हेसुद्धा सांगता येत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात ती नोकरीही अशीच करते. थेंब टाकते, "डोळे मिटून बसा" म्हणते, आणि भलेभले तापट लोक बाकावर ओळीने डोळे मिटून बसतात. या खेळण्याला जाणकार 'कंट्रोल' म्हणतात. आमच्या घरात त्याला संसार म्हणतात.

तुम्ही बहीणभाऊ जोडीने खेळायचात तेव्हा मी मागच्या खुर्चीत पेपर वाचत सुखी होतो. मग तुझी बदली झाली, तू ऑफिसातल्या सहकाऱ्याबरोबर जोडी केलीस, आणि ते तिला स्पर्धेच्या हॉलमधल्या फळ्यावर वाचून कळलं. तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही. त्यावर मी काही म्हणणार नाही (पुढच्या पानावर म्हणणार आहे). तुझी जागा मात्र रिकामी राहिली, आणि ती भरायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

तयारी जेवणाच्या टेबलावर झाली. मिठाची बाटली म्हणजे शत्रू, चमचा म्हणजे मी. नियम एवढाच, की ताईने झोपवलेल्याला हात लावायचा नाही, कारण मार बसला की तो जागा होतो. मला पटलं. मी मान डोलावली. सायकलच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये पहिलाच सामना लाँड्रीवाल्या दोघी बहिणींशी. त्यांचा रेड्याच्या रूपातला राक्षस आला, ताईने त्याला झोपवलं, आणि मी त्याच्या टाळक्यात हाणलं. रेडा उठला आणि माझ्या राक्षसाचा चेंदामेंदा झाला. ताईने त्याला पुन्हा झोपवलं, माझा दुसरा राक्षस आला, आणि मी पुन्हा हाणलं. अरे, माझी उभी हयात व्यासपीठावरून लोकांना जागं करण्यात गेली. समोर कोणी झोपलेला दिसला की मला राहवत नाही. त्यातली धाकटी शेवटी अगदी मायेने म्हणाली, "काका, तुम्ही आमच्याकडून आहात का?"

घरी येऊन ताईने चहा केला. मी बोलणी खायला तयार बसलो होतो आणि ती शांतपणे बिस्किट बुडवत होती. दिवे लागायच्या आत मी स्वतःहून माफी मागितली. रेड्याची तर मागितलीच, पण तिला ठाऊकसुद्धा नसलेल्या दोनचार गोष्टींचीही मागून बसलो.

दुसरा सामना औषधाच्या दुकानदाराच्या जोडीशी. या वेळी मी फक्त ढाल धरली, दर खेपेला ढालच. काही न करता बसणं इतकं कष्टाचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुकानदार वैतागला, घाईघाईने राक्षस बदलत सुटला, आणि येणारा प्रत्येक जण ताईने आधीच पसरलेल्या काट्यांवर पाय देत आत आला. आम्ही जिंकलो. वायर गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "तो असाच थांबायचा."

मी आयुष्यात टाळ्या पुष्कळ ऐकल्यात. ही शाबासकी माझी नव्हती, तुझी होती, हे मला कळलं, आणि खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. तुझं ते शिंगवालं कासव अजून तिच्या संघात आहे. मी एकदा मागितलं, तर म्हणाली, "ज्याचं आहे त्याने चालवावं."

आता मी बोलणार. कंट्रोलवाल्यासमोर कंट्रोलवालाच बसला की काय होतं, तुला माहीत आहे. दोघांच्या ढाली वर, दोघांचे राक्षस झोपलेले. कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही, वेळ संपते आणि पंच दोघांनाही बाद करतात. तुम्ही दोघं एकाच टेबलावर शिकलेले. तू वाट बघतोयस तिच्या फोनची, ती बघतेय तुझ्या. आपलं विष समोरच्याला चढतंय याची दोघांनाही खात्री. माझ्या मते दोघांनाही चढलंय. आणि थांबून राहणं हे शहाणपण असेल, पण सख्ख्या बहिणीसमोर ते शहाणपण नसून निव्वळ भित्रेपणा आहे, हे मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगायला तयार आहे.

पाठीला शेक घे.

तुझे,
दाजी

ता.क. पुढच्या स्पर्धेसाठी जोडीचं नाव देऊन आलोय. माझ्या जागी तुझं लिहिलं आहे. ताईला माहीत नाही. रविवारी सकाळी ती घरी असते, फोन तीच उचलते. माफी वगैरे मागू नकोस, तुला जमणार नाही. सराव कधी सुरू करायचा, एवढंच विचार.

ता.क. २. ताईला माहीत आहे. मी लिहिताना मोठ्याने म्हणतो, हे माझ्या ध्यानातच राहत नाही. ती हात पुसत आली, उभ्या उभ्या सगळं वाचलं, आणि म्हणाली, "एवढं मोठं तो वाचणार नाही. ता.क. तेवढा पाठव." मग दवाखान्यात फोन करून तिने रविवारची जादा ड्यूटी दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली. तेव्हा वरचं सगळं सोडून दिलंस तरी चालेल. रविवारी सकाळी फोन कर.