देवेशच्या चौदा फिल्म्स

प्रिय देवेश,

दोन वर्षांनी माझे अक्षर पाहून तू हे पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. तरी शेवटपर्यंत वाच. प्रबंध लिहून संपवायला मी मालवणला घरी आले आहे. चार दिवसांत एक ओळ झालेली नाही. आई दारात येऊन म्हणते, "गो, जेवतंस मां? की ते कागदच खातलंस?" मी हसल्यासारखे करते.

पुण्यातले आपले पहिले वर्ष आठवते. मराठी माध्यमातून जिल्ह्यात पहिली आलेली मी, प्रयोगशाळेच्या बैठकीत इंग्रजीतले एक वाक्य पुरे करू शकत नसे. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तू मला आपल्या बोलीत सगळे समजावलेस: "दोन कोबाल्ट, मधी तांब्याचो थर. थर जरा वाढलो काय दोघय एकमेकांक पाठ दाखवतत, आणखी वाढलो काय परत एका दिशेक तोंड. आमच्या भावकीसारखा!" अणूंच्या चारसहा ओळींइतक्या तांब्यातून दोन चुंबकांना एकमेकांची जाणीव होते, ही गोष्ट मला तेव्हापासून कधी रुक्ष वाटली नाही. अशा थरांच्या पातळ फिल्म्स तू बनवायच्या आणि त्यांतल्या स्पिन लहरी, म्हणजे चुंबकत्वाचे डोलणे, मी मोजायचे, असे ठरले. दोन्ही थर एकमेकांशी बांधलेले असतील तर लहरींचे दोन सूर यायला हवे होते, एक जोडीने डोलण्याचा, एक परस्परांविरुद्ध डोलण्याचा. आणि तांब्याच्या जाडीप्रमाणे त्यांतले अंतर कमीजास्त व्हायला हवे होते.

चार महिने खपून तू चौदा फिल्म्स केल्यास. मला चौदांतही एकच सूर मिळाला.

बैठकीत आपल्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. "तांब्याला भोके पडली आहेत, कोबाल्टला कोबाल्ट भिडला आहे. देवेश, हे काम हाताचे आहे, आणि तुझा हात बसलेला नाही." तू तळवे उलटेसुलटे करून पाहिलेस. तुझ्या नोंदणीला मुदतवाढ मिळाली नाही. तू गेलास.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. आमच्या घरी आषाढात दप्तर, वह्या, कपडे, सगळे चुलीच्या वर टांगून कोरडे करतात. दमट वस्तू नुसती ठेवून दिली की बुरशी धरते, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. तुझ्या फिल्म्स कापून धुतल्या तेव्हा जुलै महिना होता. प्रयोगशाळेच्या भिंतीही ओल्या लागत होत्या. फुंकर मारून पाणी उडवणाऱ्या नायट्रोजनवर माझा विश्वास बसला नाही. मी त्या हॉट प्लेटवर अडीचशे अंशांवर तासभर ठेवल्या. धातूला उष्णतेने काय होणार, असे वाटले. वहीत तशी नोंदही केली नाही, कारण वाळवणे ही नोंदण्यासारखी गोष्ट आहे, असे मला वाटलेच नव्हते.

सर भोकांबद्दल बोलत होते तेव्हा मला ती हॉट प्लेट आठवली होती, देवेश. इतका पातळ तांब्याचा थर नुसत्या तापवण्यानेही फाटू शकतो. खात्री नाही, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण इतकेच की वीस जणांसमोर उभे राहून बोलावे लागले असते.

मागच्या महिन्यात कपाट रिकामे करताना सिलिका जेलच्या डब्यात तू राखून ठेवलेले अर्धे तुकडे सापडले. न तापवलेले. मी ते मोजले. एकूण एक तुकड्यात दोन सूर आले, आणि तू कॅन्टीनच्या कागदी रुमालावर काढला होतास तसाच तो चढउतार. सरांना सांगितले, तर म्हणाले, "आता उकरून काय मिळणार? तुझाच प्रबंध वर्षभर लांबेल." मी विद्यापीठाच्या कार्यालयात विचारले. तुझी नोंदणी कायमची संपली आहे. प्रबंधातले ते प्रकरण मी तुझ्या नावासह आणि माझ्या चुकीसह पुन्हा लिहिणार आहे. सरांना तसे लेखी कळवले. त्याने तुझे काही परत मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मग हे पत्र कशाला? गेल्या गुरुवारी येताना एसटी आंबोलीला तुमच्या कणसांच्या गाड्यासमोर थांबली. धुक्यात तू निखाऱ्यावर कणसे परतत होतास. सत्यवानकाका एका प्रवाशाला आपल्या मुलाबद्दल सांगत होते, "पुण्याक शिकाक गेल्लो. पण ह्येच्या हाताक यश नाय. हात लावता ता बिघडता, म्हणान घालवल्यानी." तू मान खाली घालून हसलास. ते तुला खरे वाटते, हे मला त्या हसण्यात दिसले. गाडी दहा मिनिटे उभी होती आणि मी काचेआड बसून राहिले, त्या बैठकीत बसले होते तशीच. म्हणून एवढे कर. पुढच्या दोन ओळी काकांना मोठ्याने वाचून दाखव. वाचवत नसतील तर कागद त्यांच्या हातात दे.

काका, तुमच्या झिलान केलेल्यो चौदाय फिल्मी बऱ्यो होत्यो. त्यो मी बिघडवलंय.

तुझीच, उशिरा बोललेली,
गौरजा