एकवीस ऑगस्टचा फोटो

नांदेड,
२० नोव्हेंबर

प्रिय वर्षाताई,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला नवल वाटेल. मेसेज केला असता तर तो तुझ्याकडून आणखी कुणाकडे गेला असता याचा नेम नाही. तू तसं करशील असं दोन वर्षांपूर्वी माझ्या मनातही आलं नसतं. आता येतं, आणि ते मी तुझ्यापासून लपवून ठेवत नाही. म्हणूनच लातूरला तुझ्या कॉलेजवर न पाठवता घरच्या पत्त्यावर पाठवतेय.

आधी इकडची खुशाली. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जळकोटचं दुकान आता धाकटा महांतेश बघतो. अण्णा अजून विचारतात, "तुझी ती बिलोलीची ताई येत न्हाई का गं आता?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. एमएस्सीची दोन वर्षं तुझ्याच खोलीत काढली. विद्यापीठाच्या सेंटरमध्ये ऑपरेटरची जागा निघाली तेव्हा जाहिरात तूच आणून दिलीस, मुलाखतीच्या आदल्या दिवशी तूच समोर बसवून प्रश्न विचारलेस. यातलं काही विसरले नाही. विसरले असते तर हे पत्र सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षीचा जून आठव. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची खोकी आली आणि ती आत न्यायला दाराची चौकट काढावी लागली. जोडणीला व्यंकटी आले होते, मूळचे देगलूरचे, नोकरीला हैदराबादला. कॉलम उभा राहिला आणि मग आठ दिवस नुसता पंप चालू. आपण रोज विचारायचो, आज तरी बीम दिसेल का? ते म्हणायचे, "म्याडम, आत हवा राहिली तर फिलामेंट जातंय. ह्या मशीनला घाई चालत न्हाई." मग व्होल्टेज पायरीपायरीनं चढवलं, आणि एका दुपारी तो पडदा हिरवा उजळला. आपण दोघी कशा ओरडलो होतो! त्यानंतर चार दिवस ते मला अलाइनमेंट शिकवत होते. बीम मधोमध आणायचा. फोकस मागेपुढे हलवायचा, तेव्हा चित्र जागच्या जागी फुगलं-आकसलं पाहिजे, बाजूला सरकता कामा नये. शेवटी बारीक भोकं असलेली कार्बनची फिल्म घालायची. भोकाच्या कडेला एक उजळ रेघ दिसते, ती चहूबाजूंनी सारख्या जाडीची हवी.

आपल्या मशीनवर ती सारखी येईना. एका बाजूला जाड, दुसरीकडे जवळजवळ नाहीच. व्यंकटींनी बटणं फिरवून बघितली, काही फरक नाही. ती दुरुस्त करणाऱ्या कॉइलचा बोर्डच गेलेला निघाला. "इमेजला एका अंगाला ओढ हाय," ते म्हणाले. "पार्ट येईपर्यंत मोठं मॅग्निफिकेशन वापरू नका. दिसंल, पण खरं न्हाई दिसणार." त्या दिवशी तू बहिणीच्या साखरपुड्याला बिलोलीला गेली होतीस. परत आल्यावर मी तुला एवढंच सांगितलं की मोठं मॅग्निफिकेशन सध्या नको. का नको, ते सांगायचं राहून गेलं. ते राहिलं नसतं तर तू काय केलं असतंस, याचा मी फार विचार केला आहे.

एकवीस ऑगस्ट, बुधवार. प्रबंध द्यायला तुझ्या हातात बारा दिवस होते. मी डबा खायला गेले, चाळीस मिनिटांत परत आले, तर कॉम्प्युटरवर तो फोटो. तुझ्या पावडरच्या कणाच्या आतल्या अणूंच्या ओळी, उभ्या आणि आडव्या, रांगोळीच्या जाळीसारख्या स्वच्छ. कसा आला विचारलं तर हसून म्हणालीस, "लागला गं हात!" मग रजिस्टर पुढे सरकवलंस. ऑपरेटर हजर असल्याशिवाय मशीन चालवायचं नाही, असा नियम. "सही करून टाक, नाहीतर सर तुलाच ओरडतील." मी केली. तू माझ्या काळजीनं बोललीस असंच तेव्हा वाटलं.

सप्टेंबरात पार्ट आला. बोर्ड बदलण्याआधी व्यंकटींनी मला सोन्याचे कण लावून मुद्दाम बिघडलेलं चित्र दाखवलं. ओळी एकाच दिशेच्या दिसत होत्या, दुसऱ्या दिशेच्या पार पुसलेल्या. "हे बघून ठेवा, म्हणजे पुन्हा वळखू येतंय." मी बघतच राहिले. तुझ्या फोटोत दोन्ही दिशा होत्या.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. मला कळलं नसेल, नवीन आहे मी. मग मशीनवर घेतला. व्यंकटींना विचारलं, मधल्या दिवसांत बोर्ड थोडा वेळ चालला असेल का? ते हसले, "मेलेला बोर्ड व्हता म्याडम." मग तुझ्यावर आले, आणि एकदा आले ती तिथून हललेच नाही. फोटोखाली मापाची पट्टी आपल्या मशीनवर कशी उमटते, हे तू आदल्याच आठवड्यात मला विचारलं होतंस. त्या दिवशी तुझ्या टेबलावर एक निळा पेनड्राइव्ह होता, तो मी आधी पाहिला नव्हता. फोटो बाहेरून आला असेल का? साध्या गोष्टी आहेत, कुणाच्याही टेबलावर असतात. पण तू समोर बसून भाकरी मोडायचीस आणि मी तुझ्या लॅपटॉपकडे बघत असायचे. माझीच मला शिसारी यायची. तुला डॉक्टरेट मिळाली, लातूरची नोकरी लागली, मी पेढे वाटले आणि गप्प बसले.

गप्पच राहिले असते. पण जानेवारीत सरांनी, म्हणजे आपल्या आप्पासाहेब सरांनी, तुझं काम पुढे न्यायला समीक्षाला घेतलं. इस्लापूरची मुलगी, तिच्या घरात पहिलीच एवढी शिकलेली. तुझीच पावडर, तुझीच कृती, आणि दहा महिन्यांत तिला तसा एक कण मिळाला नाही. सर सगळ्यांसमोर म्हणतात, "वर्षाराणीला जमलं, तुला का जमत नाही?" गेल्या महिन्यात ती माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, माझा हातच खराब हाय का हो? घरी स्थळ आलंय. हाव म्हणून टाकते, न्हाई जमत मला हे." रडत नव्हती. ठरवून आली होती.

त्याच दिवशी मी कपाटातून तुझी पावडर लावलेली चौदा नंबरची जाळी काढली, टिकलीएवढी, तांब्याची, ज्यावरून तो फोटो घेतल्याची नोंद आहे. आता मशीन अगदी नीट आहे. दोन दिवस तिचं एकेक घर पाहिलं. नुसते गोळे, वेडेवाकडे. ओळी कुठेच नाहीत. संध्याकाळी तुला फोन केला. मी अजून जाळी पाहिली एवढंच म्हणाले होते, तर तू लगेच, "जुनी झाली ती, खराब झाली असेल." मी ती का काढली, हे तू विचारलंच नाहीस. कण खराब होतात, ते खरं आहे. पण त्या बिघडलेल्या मशीनवर दोन्ही दिशांच्या ओळी कशा आल्या, याचं उत्तर त्यात नाही.

गेल्या शुक्रवारी मी सरांना लेखी दिलं, की एकवीस ऑगस्टला मी खोलीत नव्हते आणि हजर असल्याची सही खोटी केली. त्यात तुझं नाव लिहिलं नाही. मायक्रोस्कोपच्या खोलीची किल्ली त्यांनी त्याच दिवशी काढून घेतली. आता ऑफिसात लोक माझ्याकडे बघून बोलायचे थांबतात, आणि संशयित माणसाला कसं वाटतं ते मला कळतंय. समीक्षाला मात्र सगळं सांगितलं. तिनं घरी अजून होकार कळवलेला नाही.

सोमवारी अकरा वाजता चौकशी आहे, बाहेरचे दोघं येणार आहेत. मी नव्हते तर मशीनवर कोण होतं, हा पहिलाच प्रश्न असेल. तुझ्याकडे त्या फोटोची मूळ फाइल असेल तर घेऊन ये. मी चुकले असेन तर सगळ्यांसमोर तुझे पाय धरीन आणि आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नसेल. फाइल नसेल तरी ये, आणि तुझं तू सांग. मात्र तोवर मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा विश्वास ठेवीन, आणि समीक्षा निघून जाईल. तू आली नाहीस तर त्या प्रश्नाला मी तुझं नाव सांगणार आहे. ते तुझ्या पाठीमागे सांगायचं नव्हतं, म्हणून लिहिलं.

तुझीच,
स्वप्नाली