अठरा तासांची पैज

२९ मार्च

काय बोलली पोरगी! "पप्पा, मी यंदा मिरवणुकीत नाचणार नाही. आम्ही विहारात अठरा तास अभ्यास ठेवलाय. बाबासाहेब वाचायचे, नाचायचे नाहीत."

घ्या! वर्तकनगरच्या जयंतीत लेझमीची पहिली रांग माझी, आणि माझीच मृणाल असं बोलते! मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला गेली, तर आमचं नाचणं गोंगाट वाटायला लागलं. आमच्या आबांना गावात वाजतगाजत जायची सोय नव्हती. म्हणून मी नाचतो. हे डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार?

३१ मार्च

अबोला. माझा. तिला पत्ताच नाही.

४ एप्रिल

मृणालची मैत्रीण क्षिप्रा आलेली, डोंबिवलीची. दोघी आत इंग्रजीत खिदळत होत्या. खरं सांगतो, भीती वाटली. मार्कांच्या जोरावर पोरगी तिकडे पोचली, छाती फुगते माझी. पण जाता जाता आपल्यातूनच जाऊ नये. तिला आमची लाज तर वाटत नाही ना? वैशालीला विचारलं. "अहो, तुमच्या डोक्यात काहीही येतं," म्हणाली आणि भाकऱ्या थापत बसली.

५ एप्रिल

जेवताना मृणाल म्हणते, "पप्पांना एक तास पण जमणार नाही. पेपर वाचतानाच घोरतात." पेटलो! म्हटलं, लिही माझं नाव, अठराच्या अठरा तास बसून दाखवतो!

आता पंचाईत.

१३ एप्रिल

काल बसलो, अठराच्या अठरा तास! पहाटे त्रिसरण-पंचशील झालं आणि सगळे वाचायला लागले. मी काय वाचायचं, हे ठरवलंच नव्हतं. वैशालीने पिशवीत बढतीच्या परीक्षेचं गाइड कोंबलेलं. पाणीखात्यात कारकुनी करतोय, त्या परीक्षेला दरवर्षी दांडी मारतो. शेजारी रिक्षावाला पोपट, लेकीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन. "प्रशांतभाऊ, बेडकाच्या हृदयाला तीनच कप्पे! माहितीय?" त्याला गप्प करेपर्यंत माझाच जीव गेला.

दुपारी डुलकी लागली तर मृणालने मानेवर गार पाणी सोडलं! सगळी पोरं खदाखदा हसली. संध्याकाळी मात्र नियम डोक्यात शिरायला लागले. मजा आली, शप्पथ!

क्षिप्रापण आलेली. चहाच्या वेळी म्हणाली, "काका, मला लेझीम शिकवाल? मृणाल कॉलेजात सगळ्यांना सांगते, माझ्या पप्पांसारखा हात कुणाचा नाही." मी उगाच बिस्किट शोधत राहिलो.

१४ एप्रिल

जय भीम! नाचली! मृणाल सरळ माझ्या रांगेत घुसली. क्षिप्राचा पाय चुकत होता आणि ही ओरडत होती — "अगं डावा, डावा!" मी विचारलं, तू नाचणार नव्हतीस ना? "पप्पा, गप नाचा ना!"

घसा बसलाय. पाय सुजलेत. किती छान दिवस गेला!

१५ एप्रिल

वैशाली चहा देताना बोलून गेली. मिरवणुकीत नाचणार नाही, हे मृणालचं बोलणं सगळं खोटं होतं. विहारातला अभ्यास मृणालने मांडला तोच मला त्या गाइडसमोर बसवायला. डिवचल्याशिवाय मी हलत नाही, हे मायलेकींना पक्कं ठाऊक.

मी समजत होतो, पोरगी पुढे निघून गेली. कार्टी मला न्यायला मागे आलेली!